सायकलवरून पडलोच नव्हतो

दातांच्या दवाखान्यातल्या बाकावर तो चुळबुळत बसला होता. धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. बारा मजल्यांच्या पोकळीत लोंबकळतानाही त्याचा हात कधी कापत नसे. आज मात्र नंबराची चिठ्ठी घामानं भिजली होती. शेजारी बायको आणि चौदा वर्षांची लेक, ठमी. ठमीच्या वरच्या मोठ्या दोन दातांच्या बाजूचे दुधाचे दात नवव्या वर्षी पडले, आणि तिथं पुन्हा काही उगवलंच नाही. पोरगी तोंडावर हात धरूनच बोलायची.

याचा निकाल घरात केव्हाच लागला होता. त्याच्या धाकट्या बहिणीनंच तो लावला होता. "वहिनीनं सातव्या महिन्यात तापाच्या गोळ्या गिळल्या, त्याचं फळ लेकरू भोगतंय," असं ती चार पाहुण्यांदेखत म्हणायची. बायको खाली मान घालून शिवण शिवत राहायची. आणि हा? मूग गिळून गप्प.

कारण त्याच्या स्वतःच्या तोंडातले नेमके तेच दोन दात खोटे होते. सायकलवरून पडून गेले, असं त्यानं लग्नाआधी बायकोला सांगितलं होतं. खरं तर तो कधी पडलाच नव्हता. ते दात आलेच नव्हते. मुली नकार देतील म्हणून आईनं ही थाप रचली होती. आई गेली, बहीण तर त्याचे दुधाचे दात पडले तेव्हा पाळण्यात होती, तिलाही सायकलचीच गोष्ट ठाऊक. आता खरं ठाऊक असलेला तो एकटाच उरला होता.

डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं आणि ठमीचा एक्स-रे उजेडासमोर धरला. "हे बघा, हाडात दात अडकलेला नाही. त्याचा कोंबच तयार झालेला नाही."

बायकोचा आवाज चिरकला. "माझ्या गोळ्यांमुळे?"

"छे! साध्या तापाच्या गोळीनं असं होत नसतं. हे बहुतेक वेळा रक्तातून येतं. घरात कुणाचे दात कमी आहेत?"

"माझ्या माहेरी सगळ्यांचे बत्तीसच्या बत्तीस आहेत."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "आणि तुमच्याकडे?"

त्याची जीभ आपसूक त्या दोन दातांवर गेली. 'नाही' हा शब्द ओठांपर्यंत आला होता. तेवढ्यात ठमीनं हळूच विचारलं, "म्हणजे आईची चूक नाही ना?"

"नाही," तो म्हणाला. "माझेच. हे दोन. मी सायकलवरून पडलोच नव्हतो. आलेच नव्हते ते."

बायकोनं त्याच्याकडे एकदाच पाहिलं, मग बाईंकडे वळून ती शांतपणे म्हणाली, "आता पुढं काय करायचं?"

"आधी तारा लावून जागा नीट करू, दोनेक वर्षं. मग काढता-घालता येणारे दात देऊ. पक्के मात्र विशीच्या आसपास, जबड्याची वाढ थांबल्यावर. आत्ताच हाडात रोवले तर बाकीचे दात वाढतील आणि हे मागे राहतील."

जिन्यात बायको थांबली. "पाच वर्षं 'येतील, येतील' म्हणत डॉक्टरकडे येऊ दिलं नाहीत, ते यासाठी?"

"लाज वाटायची गं."

"तुमची लाज, आणि बोलणी मी खायची? लावा बहिणीला फोन. आत्ता, इथंच."

लोक अंग चोरून बाजूनं जात होते. भिंतीला टेकून त्यानं बहिणीला सगळं सांगितलं. पलीकडून ती एकदम म्हणाली, "दादा, अरे, मी वहिनीला काय काय बोलले रे!"

तिसऱ्या दिवशी बहीण आली. माफी तिला धड मागता येईना. "मी वाट्टेल ते बोलले, वहिनी," एवढंच म्हणाली. "बोललात खरं," बायको म्हणाली, आणि तिला बसायला खुर्ची दिली. नवऱ्याशी मात्र ती कामापुरतंही बोलेना.

ठमीला तारा बसल्या. दात ठणकायचे, चिडचिड व्हायची. एका संध्याकाळी तिनं विचारलं, "बाबा, तुम्हाला शाळेत चिडवायचे?"

"मला सगळे 'खिडकी' म्हणायचे. मास्तरसुद्धा! एकदा हजेरी घेताना तर..."

तो बायकोकडे बघून अडखळला. तिनं सुई कापडात तशीच टोचून ठेवली.

"मग पुढं?" ती म्हणाली.