पंजाबरावांच्या पिस्तुलाची पूजा

दुकानदारानं दोन्ही हत्यारं कापडावर शेजारी शेजारी ठेवली, सोनार बांगड्या दाखवतो तशी. एक रिव्हॉल्वर, पोट सुटलेलं. दुसरं पिस्तूल, चपटं, सडसडीत.

“जिवाच्या रक्षणासाठी लायसन भेटलं ना भाऊ? मंग हे घ्या,” यवतमाळच्या त्या म्हाताऱ्यानं रिव्हॉल्वरवर बोट ठेवलं. “सहा गोळ्या. कपाटात पडून राह्यलं तरी रुसत नाही. एखादी गोळी फुसकी निघाली तर पुन्हा घोडा दाबा, दुसरी आपोआप समोर येते. एका हाताचं काम. घाबरलेल्या माणसाले दुसरा हात आठवते का कुठं?”

“अन् हे?”

“हे गुणी हाये, पण नखरेल. आठ गोळ्या. पण वरचा भाग दोन हातांनी मागं ओढून सोडला की मंग पहिली गोळी चढते. कोरडं फडकं अन् पातळ तेलाचा थेंब, एवढंच लावा. आत कचरा गेला की अडून बसते, लग्नातल्या जावयावानी.”

पंजाबरावांनी रिव्हॉल्वर कमरेला खोचून आरशात पाहिलं. सदऱ्यावरून गोल उंचवटा दिसत होता. मग पिस्तूल खोचलं. काहीच दिसेना.

“हेच द्या.”

म्हाताऱ्यानं चष्म्यावरून पाहिलं. “आयुष्य गेलं बापू माहं या धंद्यात. ज्याले भेव असते थो म्हणते, लोकाईले दिसलं पाह्यजे. हे दिसू देयाचं नाही असं म्हणणारं गिऱ्हाईक येगळं असते.”

“द्या म्हणलं ना.”

म्हाताऱ्याचं खरं होतं. पंजाबरावांना जिवाची भीती नव्हतीच. त्यांना बबनरावाचा जीव हवा होता.

दिग्रसपासून जवळच त्यांचं गाव. थोरला भाऊ मारोती, लेकराबाळांचा माणूस, कीर्तनात मृदंग वाजवायचा. बुवांनी नुसता श्वास घेतला तरी पुढचा शब्द कुठे पडणार ते मारोतीच्या बोटांना कळायचं. भगवंतानं काही काही हात फक्त आपल्या नावासाठी घडवलेले असतात, त्यातले ते. अरुणावतीच्या काठावर रेती उपसून उपसून बबनरावानं घाट पोखरला, तेव्हा हाच मारोती टिप्परसमोर उभा राहिला. टिप्पर थांबला नाही. घाटावर गाव जमलेलं होतं, पण कोर्टात एकेक जण उभा राहिला आणि एकच बोलला, “टिप्पर? आमी नाही पाह्यला साहेब.” खरं बोलले ते एकटे पंजाबराव. त्यांचं डोकं भर बाजारात फोडलं गेलं. ती जखम दाखवूनच तर लायसन मिळालं होतं.

बबनराव सुटला. सुटला ते सुटला, वर कीर्तनात पहिल्या रांगेत येऊन बसू लागला, बुवांना हार घालू लागला. मारोतीचा मृदंग खोळ घालून कोपऱ्यात, आणि हा मांडी ठोकून समोर! पंजाबरावांच्या तोंडून विठ्ठल निघेना. टाळ वाजवता वाजवता ते बबनरावाच्या मानेकडे पाहत राहायचे.

दसऱ्याला सकाळी घरात शस्त्रपूजा मांडली. विळा, कुऱ्हाड, वखराची लोखंडी पास आणि मधोमध पिस्तूल, गोळ्यांची पेटी काढून ठेवलेलं. मारोती गेल्यापासून वहिनी, प्रभावती, पूजेच्या पाटाशी येत नव्हती. पंजाबरावांनी ताट तिच्यापुढे सरकवलं.

“वयनी, तुमी करा.”

“भाऊजी, मी? लोक काय म्हणतीन?”

“हे हत्यार तुमच्या कुंकवासाठी घेतलं. कुंकू तुमीच लावा.”

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. सगळं कळलं तिला. “आज?” एवढंच विचारलं.

“आज. थो सोनं द्याले येईनच.”

मग तिनं पदर खोचला. आणि पूजा केली म्हणता, कशी केली! दूध, दही, तूप, मध, साखर, पळीपळीनं. हळद दाबून, कुंकू भरून, वरून अक्षता. लेकराला न्हाऊ घालावं तसं ते काळं लोखंड तिनं कडाकोपऱ्यातून न्हाऊ घातलं. “मी रोज रडली, थे सारं याच्यात जाऊ दे माय,” ती पुटपुटत होती. पंजाबरावांना यवतमाळचं कोरडं फडकं आठवलं. पण देवाला वाहिलेलं खरवडून कसं काढायचं? त्यांनी वरवर पुसलं, गोळ्यांची पेटी बसवली आणि पिस्तूल सदऱ्याखाली खोचलं.

दुपारी मारुतीच्या देवळापुढे मांडवात सेवादास महाराजांचं कीर्तन झालं. आख्यान नरसिंहाचं. खांब फुटतो त्या जागी महाराजांनी आवाज असा चढवला की मांडवाचे बांबू थरथरले. “देव उशीर करते, पण पत्ता इसरत नाही!” पहिल्या रांगेतला बबनराव मान डोलावत होता. पंजाबरावांनी कमरेला हात लावून पाहिला.

कीर्तन संपलं. लोक आपट्याची पानं घेऊन गळाभेटी घेऊ लागले. बबनराव हसत हसत समोर आला. मूठभर पानं पुढे केली.

“घ्या पंजाबराव. सणाच्या दिवशी कायले तोंड पाडून राह्यले? झालं गेलं नदीले गेलं.”

“नदीलेच गेलं रे,” पंजाबराव म्हणाले.

ते एक पाऊल आत सरकले, छातीला छाती लागेल इतके. दोघांच्या मधल्या सांदीत पिस्तूल बाहेर निघालं. डाव्या हातानं वरचा भाग मागं ओढला. बोटभर सरकला आणि थांबला. पुढे जाईना, मागे येईना. सकाळपासून वाळून आतला मध चिकट झाला होता, त्यात तांदळाचा दाणा रुतला होता. त्यांनी दात खाऊन पुन्हा ओढलं. करकर आवाज झाला, बस.

घात झाला! रिव्हॉल्वर घेतलं असतं तर—

पण बबनरावानं खाली पाहिलं होतं. त्याला ना मध दिसला ना तांदूळ. पोटापाशी टेकलेलं काळं तोंड दिसलं आणि मागं ओढणारा हात. त्याच्या मुठीतून पानं गळाली. तो पंजाबरावांच्या पायावर पडला.

“वाह!” मागून कुणीतरी ओरडलं. “दसरा असा पाह्यजे! वैर मिटलं!” टाळ्या पडल्या.

त्या टाळ्यांनी पंजाबरावांच्या अंगाची लाही झाली. म्हणजे हा मान पण यालाच? ते वाकले, त्याला उठवायला वाकल्यासारखे. पिस्तूल सदऱ्याखाली गेलं, बोट मात्र त्यावरच.

“उठ. माइकपाशी चाल. माह्या भावाचं नाव घे. सारं सांग. एक शब्द गिळला तर तिथंच पाडतो.”

“पंजाब, लेकरं हायेत रे मले…”

“त्यालेही होते. चाल.”

महाराज नुकतेच बाजूला झाले होते, माइक चालू होता. बबनराव उभा राहिला. शेजारी मारोतीचा खोळ घातलेला मृदंग. मागे पंजाबराव, हात सदऱ्याखाली.

“मारोतीभाऊ…” त्यानं माइकचा दांडा धरला. “मारोतीभाऊ आडवा आला तई डायवरनं मले फोन केलता. थांबू का म्हणे. मी म्हणलं… मी म्हणलं, थांबू नको.”

पोरांनी मोबाइल उंच धरले. बबनराव बोलत गेला: कुठल्या साक्षीदाराच्या घरी कोण गेलं, पंजाबरावांचं डोकं कुणी फोडलं, सगळं. शेवटी तो मटकन खाली बसला. त्याचं पांढरं धोतर ओलं झालेलं पहिल्या रांगेला दिसलं, आणि पहिल्या रांगेनं ते मागच्या रांगांना सांगितलं.

पोलीस त्याला घेऊन गेले. तिथे थोडा धीर आल्यावर तो म्हणाला, पंजाबरावानं पिस्तूल लावून वदवून घेतलं. साहेब गावात चौकशीला आले. एकेक जण पुढे येऊन सांगू लागला, “पिस्तूल? आमी नाही पाह्यलं साहेब. गळ्यात पडले, पाया पडला, एवढं पाह्यलं.”

पंजाबराव दारात उभे राहून ऐकत होते. किती दिवसांनी त्यांना पोटभर हसू आलं.

घरात प्रभावती पिस्तूल मांडीवर घेऊन बसली होती. गोळ्यांची पेटी बाजूला काढलेली. सुईच्या टोकानं तिनं लाल झालेला तांदळाचा दाणा काढला आणि तळहातावर धरून पाहिला.

“माह्याच हातानं वाचला मुडदा,” ती म्हणाली. ती हसत नव्हती.

“वयनी, जिता हाये म्हणून तर बोलला. आता केस पुन्हा उभी राहीन.”

“राहू द्या. कोर्टात असाच बोलला तर देव पावला.” तिनं कोरडं फडकं घेतलं, पातळ तेलाचा एक थेंब टाकला आणि वरचा भाग मागे ओढून सोडला. खट्कन जागेवर बसला.

“अन् फिरला तर पुढच्या दसऱ्याले मी नुसतं फूल वाहीन, भाऊजी. मध नाही.”