भिंत चाटणारी माणसं

"ढकलू नका हो, भिंत काही पळून जात नाही!" सोसायटीचे सेक्रेटरी घसा फोडून ओरडत होते, पण ऐकतो कोण? दालनात मुंगीला शिरायला जागा नव्हती. कडक इस्त्रीतली, अत्तर मारलेली माणसं एकमेकांच्या पायांवर पाय देत पुढे घुसत होती आणि उघड्या विटांवर फुललेला पांढरा, लोकरीसारखा थर नखाने खरवडून जिभेवर ठेवत होती. एका गृहस्थांना तेवढाही धीर धरवेना. त्यांनी चष्मा काढला आणि सरळ भिंतच चाटली.

धाकटीने नाक मुरडलं.

ती आली होती ताईकडे, तिची तान्ही ठमी बघायला. ही इमारत मूळची तबेल्याची. पिढ्यान्‌पिढ्या इथे घोडे बांधले जात. बिल्डरने त्याची घरं केली. ओल दिसू नये म्हणून जुना चुन्याचा गिलावा खरवडून सगळीकडे सिमेंट लावलं, वर तुकतुकीत प्लास्टिक रंग फासला, आणि जुनेपणाची मिजास मिरवायला दालनातला विटांचा एकच पट्टा उघडा ठेवला. घोडे बांधायच्या कड्यांना आता छत्र्या लटकत.

"लेकरांनो," भिंतबाबा डोळे मिटून म्हणाले, "ही वास्तू मुकी होती. मी तिला बोलतं केलं! हे मीठ म्हणजे तिचं सत्त्व. सांधेदुखी, साखर, कोर्टकचेरी... सगळ्यावर एकच पुडी."

हे भिंतबाबा कालपरवापर्यंत याच घरांचे दलाल होते. ओलीमुळे घरं खपेनात, तेव्हा त्यांना साक्षात्कार झाला. आता घरांसाठी लोक वशिले लावत होते.

"नाक काय मुरडतेस गं?" ताईच्या सासूबाईंनी धाकटीला कोपरखळी मारली. "आदल्या संध्याकाळी बाबा भिंतीला अंघोळ घालतात, मंत्र म्हणतात, मग रात्रभर मोठा पंखा. सकाळी बघ कशी फुलते!"

"पंखा कशाला?"

"भिंतीला उकडत नाही होय?"

धाकटी एका प्रयोगशाळेत विटा आणि गिलावे तपासायची. तिच्या डोक्यात काहीतरी खटकलं, पण वर ताईच्या घरात पाऊल टाकलं आणि डोकं सुन्नच झालं. ताई दुधाच्या बाटलीत पांढरी पूड ढवळत होती. मांडीवरच्या ठमीचे ओठ निळसर दिसत होते.

"ताई, ती बाटली खाली ठेव."

"झालं तुझं सुरू! औषधं करून थकलो, रडायची थांबत नव्हती. आता बघ कशी शांत पडून असते."

"शांत नाही गं, मलूल आहे ती! ओठ बघ तिचे!"

"बाबा म्हणाले, निळाई चढली म्हणजे पोर तेजस्वी निघणार," सासूबाई म्हणाल्या.

दाजींनी मात्र लेकीच्या ओठांकडे नीट पाहिलं आणि तिला उचललं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्त काढलं. ते लाल नव्हतंच, चॉकलेटसारखं तपकिरी होतं.

"काय पाजलंत हिला?"

"भिंत," ताई म्हणाली.

"ही नायट्रेटची बाधा आहे. एवढ्या लहान बाळाच्या पोटात गेलं की रक्त प्राणवायू पोचवेनासं होतं. उशीर केला असतात, तर हाती लागली नसती."

शिरेतून औषध गेलं. संध्याकाळपर्यंत ओठ गुलाबी झाले आणि ठमीने असं भोकाड पसरलं की ताई हसता हसता रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी धाकटी आणि दाजी पार्किंगमध्ये गेले. तिथे एके ठिकाणी सिमेंट पडून जुन्या विटा उघड्या पडल्या होत्या. धाकटीने त्यांवर बादलीभर पाणी ओतलं आणि घरातला पंखा लावला. मंत्र येत नसल्यामुळे बावीसचा पाढा म्हटला. दाजी तर पंखा खणखणतोय म्हणून शिव्याच घालत होते. तरी सकाळी विटा पांढऱ्याफेक फुलल्या.

"पाढ्यांनीही वास्तू बोलते म्हणायची!" जमलेल्यांतून कुणीतरी खिंकाळलं.

भिंतबाबा गरजले, "संशयी जिवाच्या हातून आलंय ते! त्यात सत्त्व नाही!"

"मग तुमचं द्या." धाकटीने बाबांच्या हातातली पुडी घेऊन पाण्यात विरघळवली, त्यात कागदाचे तुकडे बुडवून उन्हात वाळवले आणि एकाला काडी लावली. कागद भडकला नाही. तडतडत, ठिणग्या सोडत सुरसुरत गेला. मग पार्किंगमधल्या मिठाच्या पाण्यात तसाच बुडवून वाळवलेला कागद पेटवला. तोही तसाच.

"हा सोरा, म्हणजे डॉक्टरीणबाई म्हणाल्या तेच नायट्रेट. दारूगोळ्यात घालायला पूर्वी तबेल्यांच्या भिंती खरवडून काढायचे तोच. घोड्यांचं मूत वर्षानुवर्षं विटांत मुरलं, जिवाणूंनी त्याचा सोरा केला. पाणी घातलं की तो विरघळतो. पंख्याने पाणी उडतं आणि तो बाहेर येऊन बसतो. चुन्याच्या गिलाव्यातून ओल सगळीकडून हळूहळू निघून जायची. तुम्ही भिंतीचं अंग प्लास्टिकने गुंडाळलंत, एकच तोंड उघडं ठेवलंत, आणि त्या तोंडातून आलं ते चाटत बसलात."

चाटणारे गृहस्थ रुमाल तोंडाला लावून मागे सरले. कुणीतरी कोपऱ्यात ओकलं.

ताई पुढे आली. "बाबा, तुम्ही स्वतः किती पुड्या खाल्ल्यात?"

"मी... मी देणारा, ताई. घेणारा नव्हे."

"म्हणजे माहीत होतं तुम्हाला."

बाबा फाटकाकडे सरकले. दाजी आधीच तिथे उभे होते आणि त्यांनी पोलिसांना फोन लावला होता.

एवढं होऊनही मागून दबका आवाज आलाच. "पण मोठ्यांना चालेल ना थोडं?"

धाकटीला तेव्हा बाबांपेक्षा त्या आवाजाची जास्त किळस आली. ठगाला निदान स्वतःचा फायदा कळत होता. पाणी नाही घातलं तर भिंत फुलते का, पंखा नाही लावला तर फुलते का, हे करून बघायला ना पदवी लागते, ना धैर्य. जुन्या इमारतीत राहायला जायचं, तर आधी तिथे काय होतं ते विचारा, ओल कुठून येते ते शोधा, आणि भिंतीतून जे निघेल ते लेकराच्या तोंडात घालण्याआधी तपासून घ्या. ठमी वाचली, कारण तिच्या बापाने बाबांचं ऐकण्याऐवजी तिच्या ओठांकडे पाहिलं.