चार बोटं आणि अंगठा

मित्रांनो, मी एक म्हातारी रायफल आहे आणि माझा कोणावरही चटकन विश्वास बसत नाही. पोलादाची नळी, अक्रोडाचा दस्ता आणि गोळी सुटताच मागे असा दणका, की खांदा आठवडाभर ठणकावा. कुंडलमध्ये पिकांच्या राखणीसाठी माझा परवाना निघाला. रानडुकरं हटली तेव्हा गावाने माझी वाहवा केली.

मग घरातल्या थोरल्या भावाने, तानाजीरावांनी, माझ्यावर एक झगमगीत दुर्बीण बसवली. तिच्यातून दिसायचं तर डोळा काचेजवळ न्यावा लागे. मी दणका दिला, दुर्बीण मागे आली आणि त्यांचा उजवा डोळा गेला. खापर मात्र माझ्याच माथी फुटलं. बारा वर्षं मी कपाटात पडून होते, तेलाचा थेंब कोणी दाखवला नाही.

यंदा डुकरांनी मका लोळवला. वनखात्याची परवानगी मिळाली, तेव्हा त्यांच्या धाकट्या भावाने, नाथाजींनी, मला बाहेर काढलं. ते निवृत्त सुभेदार. नजर अधू झालेली, म्हणून दुर्बीण हवीच होती. सांगलीच्या दुकानात त्यांच्या पत्नी राहीबाईही आल्या, माझ्यावर नजर ठेवायला.

दुकानदाराने हातभर लांब दुर्बीण काढून माझ्यावर चढवली. "सुभेदार, डुकराच्या मिशा मोजाल!"

तिचा तोरा बघूनच मला संशय आला. नाथाजींनी फौजेतल्या सवयीने गाल पुढे सरकवला आणि डोळा काचेला भिडवला. मी रिकामीच होते, तरी घाबरले. मला बोलता येत नाही, हेच माझं दुःख.

"आवं, थांबा!" राहीबाईंनी काच आणि भुवईच्या मध्ये चार बोटं आणि अंगठा आडवा घालून तेवढं अंतर ठेवलं. "आता दिसतंय का समदं?"

"न्हाई गं. कडंनं काळं हुतंय."

"मग ही नगं. भाऊजींची बी अशीच हुती."

दुकानदार हसला. "वहिनी, लय लांबचं दाखवते ही."

"लांबचं ऱ्हाऊ द्या. हितला डोळा ऱ्हायला पायजे."

दुकानदाराने काढलेली तिसरी दुर्बीण आखूड, साधी, चौपट दाखवणारी निघाली. तेवढ्या अंतरावरूनही तिच्यात चित्र पुरं दिसलं. मला तिचाही भरवसा वाटेना.

दुसऱ्या दिवशी मातीच्या दरडीला निशाणाची फळी टेकवून नाथाजींनी चाप ओढला. मी स्वभावाप्रमाणे दणका दिला. राहीबाई धावत आल्या आणि हनुवटी धरून त्यांचं तोंड उन्हाकडे वळवलं.

"डोळा हाय न्हवं?"

"हाय की. तुलाच बघतोय."

राहीबाईंना रडू फुटलं. मलाही फार हायसं वाटलं.

मित्रांनो, झगमगाटाला भुलू नका. किती पट दिसतं हे विचारण्याआधी डोळा किती लांब राहतो ते विचारा. दणका माझा असतो, डोळा तुमचा.