उंबऱ्याबाहेरची परै

मित्रांनो, हलगी पाहिली आहे ना तुम्ही? मी तिचीच तमिळ मुलखातली थोरली बहीण, परै. मी आता फार जुनी झाले. इंग्रजांच्या अमदानीत तंजावरजवळच्या एका खेड्यात मुनियनने मला घडवलं. कडुनिंबाचं कडं, त्यावर गाईचं चामडं.

मयत असो की जत्रा, मुनियन मला गवताच्या जाळावर शेकायचा आणि मग वाजवायचा. लोक वाहवा करायचे. धान्य मात्र लांबून फेकायचे. आम्ही देवळाबाहेर थांबायचं आणि मृदंग आत, देवापुढे. माझं नि मृदंगाचं चामडं एकाच गाईचं, तीही मुनियननेच सोललेली! हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, म्हणून तर त्या ढोंगाची मला अजून किळस येते.

पुढे मुनियन ख्रिस्ती झाला. चर्चमध्येही त्याची माणसं भिंतीपलीकडेच बसली. पाद्री म्हणाला, "हे सैतानाचं वाद्य." झालं, मी माळ्यावर गेले. साठ वर्षं वाळवी सोबतीला.

मुनियनची पणती एस्तर कुवेतमध्ये नर्स आहे. तिने मला नवं चामडं चढवलं आणि तिथल्या फिंतास भागातल्या आपल्या फ्लॅटवर आणलं. इथे ती मला गॅसवर शेकते. तिच्याच वॉर्डातल्या मराठी नर्स नीलाने मला एकदा ऐकलं. नीला हळू बोलणारी, एकही संकष्टी न चुकवणारी. "एस्तर, इस बार हमारे गणपती में बजाना हं," ती म्हणाली. एस्तरने त्या दिवसासाठी सुट्टी मागून घेतली.

गणपतीच्या दिवशी नीलाच्या दारात इथल्या मराठी मंडळाचे बाळासाहेब उभे होते.

"नीलाताई, अहो, हे मयताचं वाद्य! चपलांच्या कपाटावर ठेवा. वाजवायचंच तर दाराबाहेर वाजवू दे, आपण दार उघडं ठेवू."

आत गालिच्यावर मृदंग बसला होता, गळ्यात हार घालून.

एस्तरला 'बाहेर' तेवढं कळलं. तिने नीलाकडे पाहिलं. नीलाने हातातल्या तबकाकडे.

"आज के दिन थोडा समझ लो ना..."

"दीदी, बाहर तो मेरे परदादा ने बहुत बजाया," एस्तर म्हणाली. "उसके लिए कुवेत क्यों आती मैं?"

मला काखेत घेऊन ती लिफ्टकडे वळली. मागे आरती सुरू झाली.

आदल्या दिवशी नीलाने हरतालिकेचा निर्जळी उपास केला होता. बाई गं, पाणी सोडलंस, मग एवढं भय सोडायला काय हरकत होती?

मित्रांनो, मला काचेच्या कपाटात जपू नका. मला वाजवणारीला घरात घ्या, देवापुढे बसवा. तेवढं जमत नसेल, तर आम्हाला बोलावूही नका.