पाठमोरी खुर्ची

हेडफोन बसवताना लेकीच्या कानामागचे वाळूचे चार-दोन कण तिच्या बोटांना लागले. समुद्रावरून परतून पाच दिवस झाले होते, मुलगी तीनदा डोक्यावरून न्हायली होती, तरी वाळू निघतच होती. तिने ते कण अंगठ्याने पुसले, केस मागे सारले आणि लाल खुणेची बाजू उजव्या कानावर, निळ्या खुणेची डाव्या कानावर नीट बसवली.

"टोचतंय?"

"नाही. पायलटसारखं वाटतंय," ठकू म्हणाली.

"हे बटण हातात धर. कानात बारीक शिट्टी वाजली की दाबायचं. कितीही बारीक असली तरी."

"आणि नाही वाजली तर?"

"तर नाही दाबायचं."

"एवढंच? दिवसभर तू हेच करतेस?"

"हेच करते."

"आणि घरी येऊन म्हणतेस, दमले!"

तिने लेकीच्या नाकाला चिमटा काढला आणि बूथचं जाड दार ओढून घेतलं.

श्रवण-तपासणीच्या या खोलीत तिची अकरा वर्षं गेली होती. आत भिंतींना जाड अस्तर असलेला बूथ, मधे दुहेरी काचेची खिडकी, बाहेर तिचं टेबल. टेबलावर यंत्र, छापील तक्ते, एक लाल आणि एक निळं पेन. यंत्राची कळ दाबली की आत सूर वाजायचा. आतल्या माणसाने बटण दाबलं की बाहेर हिरवा दिवा लागायचा. मोठी चकती फिरवून सूर लहानमोठा करायचा, आकडा जितका मोठा तितका आवाज मोठा. माइकवरून आतल्या माणसाशी बोललं, तर तेही चकती ज्या आकड्यावर असेल तितक्याच आवाजात आत जायचं. वीसपर्यंत दिवे लागत गेले की कान ठणठणीत. तक्त्यावर खुणा करायच्या, त्या रेषेने जोडायच्या, आणि तो कागद डॉक्टरांकडे पाठवून द्यायचा. पुढचं बोलणं डॉक्टरांचं.

सकाळीच एक आजोबा येऊन गेले होते. "मला सगळं ऐकू येतं हो, ही हल्ली पुटपुटते," असं त्यांनी बसायच्या आधीच जाहीर केलं होतं. "पुटपुटायला लागून दोन वर्षं झाली," आजी म्हणाल्या होत्या. "त्याआधी चाळीस वर्षं ओरडत होते, तेव्हाही कुठे ऐकलंत?" तिने हसू दाबलं होतं आणि आजोबांची खुर्ची भिंतीकडे वळवली होती. शिकायला येणाऱ्या मुलींना ती पहिल्याच दिवशी बजावत असे, खिडकीकडे तोंड करून कुणालाही बसवू नका. कान कमी पडले की माणूस डोळ्यांनी ऐकायला लागतो, आणि ते त्याचं त्यालाही कळत नाही.

ठकूची खुर्ची मात्र तिने खिडकीसमोर ठेवली होती. दार बंद झालं की आत मोठी माणसंही बावरतात. आठ वर्षांच्या मुलीला समोर आई दिसलेली बरी. शिवाय ही काही खरी तपासणी नव्हती. शाळा उघडायला दोन दिवस होते, प्रवासाने सासूबाईंचे गुडघे धरले होते, म्हणून मुलगी बरोबर आली. दुपारचा एक पेशंट आलाच नाही, अर्धा तास मोकळा मिळाला. काउंटरवरच्या ताईला तिने असंच सांगितलं. स्वतःचीही समजूत तशीच घातली. खरं तर तिला एक शंका डोक्यातून काढून टाकायची होती.

शंका समुद्रावरची होती. सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी भरती सुरू झाली तेव्हा ठकू पाण्याजवळच्या सपाट खडकावर बसून बादलीत गोगलगायी गोळा करत होती. तिची पाठ किनाऱ्याकडे होती. पाणी खडकाला वळसा घालायला लागलं तशी बाबांनी हाक मारली. मग आजीने मारली. मग तिघांनी मिळून. मुलीने मान वळवली नाही. शेवटी नवरा पँट-बुटांसकट पाण्यात शिरला, तिला काखेत मारून बाहेर घेऊन आला आणि वाळूवर उभी करून पाठीत एक धपाटा घातला.

"घसा फाटेस्तोवर ओरडतोय आम्ही, आणि तू ढिम्म!"

"मला नाही ऐकू आलं."

"खोटं बोलू नकोस, ठकू."

"अरे, लाटांचा आवाज केवढा आहे," ती मधे पडली होती. "त्यात वारा समुद्राकडून येतोय. आपला आवाज तिच्यापर्यंत पोचायचाच नाही."

तिचा तो धंदाच असल्यामुळे नवरा गप्प बसला. सासूबाईंनी मात्र पदराने नातीचं डोकं पुसता पुसता सांगून टाकलं, "तुझं शास्त्र तुझ्यापाशी. पोरगी हट्टी आहे, आजोबांवर गेलीय." ठकूने बाबांची माफी मागितली. पुन्हा असं करणार नाही, म्हणाली.

विषय तिथे संपला. पण परत आल्यावर ओले टॉवेल मशीनमध्ये टाकताना तिला एक गोष्ट आठवली. त्याच वेळी, त्याहून लांबच्या खडकावर दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा बसला होता. त्याच्या वडिलांनी त्याला हाक मारली होती, एकदाच. तो वळला होता आणि चपला हातात घेऊन पाण्यातून परत आला होता. हे तिने तेव्हाही पाहिलं होतं.

नवऱ्याने सुट्टीचे फोटो पाठवले तेही तिने पुन्हा पुन्हा पाहिले. पहिल्या तीन दिवसांच्या फोटोंत ठकूची नुसती वेणी दिसत होती. शेवटच्या दोन दिवसांत एकाही फोटोत ती पाठमोरी नव्हती. किल्ला करताना, कणीस खाताना, पाण्यात उभी असताना, सगळीकडे मान वळवून थेट आईबाबांकडे बघत होती. "एका धपाट्यात कॅमेऱ्याकडे बघायला शिकली," नवऱ्याने खाली लिहिलं होतं. तिने त्याला हसरा चेहरा पाठवला होता.

तिने चकती चाळीसवर आणली आणि कळ दाबली. वर पाहिलं. हिरवा दिवा लागला. तीस. दिवा. वीस. दिवा. काचेपलीकडे ठकू दोन्ही हातांत बटण धरून टक लावून बसली होती, जीभ किंचित बाहेर. उजवा कान झाला, डावा कान झाला. वरच्या पट्टीत, खालच्या पट्टीत, कुठेही वीसच्या पुढे खूण गेली नाही. इतका सरळ तक्ता मोठ्यांचाही क्वचित निघतो. तिचे खांदे सैल झाले. घरी गेल्यावर नवऱ्याला सांगायचं, पोरगी खरंच हट्टी आहे, आईंचं बरोबर होतं.

इतक्यात दार किलकिलं झालं.

"मॅडम, सकाळच्या आजोबांचा कागद डॉक्टर मागतायत," काउंटरवरची ताई म्हणाली.

"ट्रेमध्ये आहे, वरचाच."

ताई कागद घेऊन गेली. तिने तक्त्यावर नजर फिरवली, एखादी खूण राहिली नाही ना ते तपासलं, आणि वर पाहिलं.

हिरवा दिवा लागला.

तिचा हात मांडीवर होता. कळ दाबलेली नव्हती.

चुकून दाबलं गेलं असेल. मुलं दाबतात. तिने मान खाली घातली, मनातल्या मनात पाच आकडे मोजले, काहीही न करता वर पाहिलं. दिवा लागला. पुन्हा मान खाली, या वेळी बारा आकडे. बाराही आकडे दिवा बंद होता. तिने वर पाहिलं, आणि ठकूने बटण दाबलं.

जादाचा हेडफोन यंत्राला जोडून तिने स्वतःच्या कानाला लावला. सूर स्वच्छ येत होता.

ती बूथमध्ये गेली. हेडफोन एका बाजूने उचलला.

"संपलं? सगळी बरोबर आली ना?" ठकूने विचारलं. तिची नजर आईच्या ओठांवर होती. ती तिथे किती दिवसांपासून असायची, कोण जाणे.

"सगळी बरोबर. आता दुसरा भाग. खुर्ची भिंतीकडे करू या."

"का? शिक्षा?"

"शिक्षा नाही गं. फक्त मागे वळून बघायचं नाही. शिट्टी वाजली की दाबायचं, मगासारखंच."

"मागे अजिबात नाही बघायचं?"

"अजिबात नाही."

खुर्ची वळवून ती बाहेर आली. भरलेला तक्ता बाजूला ठेवून तिने कोरा घेतला. त्यावर मुलीचं नाव लिहिलं, वय लिहिलं, तारीख लिहिली. लिहायचं आणखी काही उरलं नाही, तेव्हा तिने कळ दाबली.

वीस. तीस. काचेतून आता वेणी दिसत होती आणि खुर्चीच्या दांड्याशी बटण धरलेली मूठ. पस्तीस. तिने कळ जरा जास्त वेळ दाबून धरली. चाळीस. ठकूने पाय हलवले, मग हलवायचे थांबवले. पंचेचाळीस. पन्नास. सकाळच्या आजोबांनी पन्नासला बटण दाबलं होतं.

ती पन्नासवरच थांबली. पुढच्या आकड्याकडे चकती नेणं तिच्याच्याने होईना. रोज दहा-पंधरा माणसांसाठी ती चकती ती न बघता फिरवत असे.

"आई," आतला आवाज टेबलावरच्या स्पीकरमधून आला. "सुरू कर ना."

तिने पन्नासवरच पुन्हा कळ दाबली. धरून ठेवली.

"आई, सुरू केलंस का?"

मूठ बटणाभोवती घट्ट झाली होती. मान किंचित वळली, अर्ध्यावर अडली आणि पुन्हा भिंतीकडे गेली.

"आई, एकदाच मागे बघू?"

तिने माइक पुढे ओढला.

"बघ," ती म्हणाली. माइक ओठांशी नेऊन पुन्हा म्हणाली, "बघ, बाळा. वळ."

ठकू भिंतीकडे तोंड करून, अंगठा बटणावर ठेवून, शहाण्यासारखी बसून राहिली.