ऑफिसला जायचंय

मित्रांनो, आधी नाकावरचा हात काढा. मी एक जुनी पॉटी आहे हे खरे, पण घासूनपुसून लख्ख आहे. पिवळे अंग, धरायला पुढे बदकाची केशरी चोच आणि मधोमध काढून धुता येईल असे भांडे. साच्यातून बाहेर पडले तेव्हापासूनच माझा स्वभाव घाबरट. दुकानात बादल्या आणि टमरेले शेजारी निवांत बसलेली असत. मला मात्र चैन नसे. आपल्याला कोण नेणार, नेले तर जमेल का, सांडले तर कोणाच्या माथी येणार?

शेवटी भिंगरीच्या आईने मला घरी आणले. भिंगरी हे काही त्या मुलीचे खरे नाव नव्हे. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून आजोबांनी ठेवलेले. आणि नेमके तिलाच माझ्यावर बसवायचे होते! ती माझ्यावर बाहुली बसवायची, मला डोक्यावर घालून पळायची आणि मी स्वयंपाकघरात असले की सोफ्यामागे कार्यभाग उरकायची. आई फडके घेऊन धावायची. मला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे.

आजोबा सोज्वळ माणूस. पाहुण्यांसमोर 'शी' आणि 'शू' हे शब्द त्यांच्या तोंडून निघत नसत. एक दिवस ते चष्मा लावून माझ्यासमोर स्टुलावर बसले आणि भिंगरीला म्हणाले, "या साहेब, ऑफिसला बसा. काम झाल्याशिवाय उठायचं नाही."

भिंगरीला हे फार आवडले. ती गंभीर चेहऱ्याने बसली आणि काय सांगू, काम झाले! घरात टाळ्या वाजल्या. आईने माझ्या चोचीवरून हात फिरवला. तेव्हापासून मला ऑफिस हेच नाव पडले. भिंगरी "ऑफिसला जायचंय" म्हणाली, की ज्याच्या हाताला लागेन तो मला घेऊन धावायचा.

पुढे आईला नोकरी लागली. पहिल्या दिवशी ती दारातून म्हणाली, "मी ऑफिसला जाते हं." तर भिंगरीने मला ओढत आणून तिच्यापुढे ठेवले. संध्याकाळी आई परतल्यावर तिने काळजीने विचारले, "एवढा वेळ लागला? झाली का?" आजोबांना हसता हसता ठसका लागला. सगळ्यांनी ते हसण्यावारी नेले.

मग आजोबा काकांकडे राहायला गेले आणि भिंगरीला पाळणाघरात घातले. तिथे एक अट होती. मुलाला सांगता आले पाहिजे. रोज पिशवीतून ओल्या चड्ड्या घरी येऊ लागल्या.

"घरी तर बरोबर सांगते हो," आई पोळ्या लाटता लाटता फोनवर म्हणाली.

"इथे नाही सांगत," पाळणाघराच्या ताईंचा आवाज आला. "सारखी तुमची आठवण काढते. उद्या तिच्या सवयीचं भांडं देऊन बघा. नाहीच जमलं, तर थोडी मोठी झाली की आणा."

आईने भिंगरीला जवळ ओढले. "का नाही सांगत तू? मला नोकरी सोडावी लागेल गं."

"सांगते मी," भिंगरी म्हणाली.

"खोटं नको बोलूस," आई म्हणाली. भिंगरीचा चेहरा एवढासा झाला.

दुसऱ्या दिवशी मी पिशवीत बसून पाळणाघराच्या चपलांच्या रॅकशेजारी टांगले गेले. जीवही माझ्यासारखाच टांगणीला. मुले ठोकळे रचत होती. तेवढ्यात भिंगरी उठून ताईंकडे गेली.

"ऑफिसला जायचंय."

"आई गेलीय ना ऑफिसला? येईल हं संध्याकाळी," ताई प्रेमाने म्हणाल्या.

"मला जायचंय. आत्ता."

"मोठी झालीस की तूही जाशील. ये, गाणं म्हणू या."

मित्रांनो, माझ्या जिवाची तगमग झाली. त्या खोलीत तो शब्द फक्त मला कळत होता आणि मला तोंड नव्हते. चोच असून काय उपयोग? भिंगरी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचू लागली. डोळे भरून आले. तिने इकडे तिकडे पाहिले, आणि पिशवीतून डोकावणारी माझी चोच तिला दिसली.

तिने पिशवीला असा काही हिसका दिला की मी दाणकन जमिनीवर आपटले. सगळी मुले ठोकळे सोडून बघू लागली. भिंगरीने चड्डी खाली केली आणि खोलीच्या मधोमध, सर्वांदेखत, माझ्यावर बसली. माणसांचा जीव भांड्यात पडतो म्हणतात. इथे भांडेच मी होते, आणि जीव माझाच पडला.

"ऑफिस झालं," भिंगरीने ताईंना सांगितले.

ताई मटकन खाली बसल्या. संध्याकाळी त्या आईला एवढेच म्हणाल्या, "अहो, ती पहिल्या दिवसापासून सांगत होती." आईने भिंगरीला उचलून घेतले आणि तिच्या खांद्यात तोंड लपवले.

आता भिंगरी मोठी झाली आहे. मी गॅलरीत उपडी पडून असते. उद्या मला मावशीच्या बाळाकडे पाठवणार आहेत आणि माझी घालमेल पुन्हा सुरू झाली आहे. त्या घरात मला काय म्हणतील कोण जाणे. मित्रांनो, घरातले लहानगे दुसऱ्याच्या हाती सोपवताना त्याची चड्डी, रुमाल, पाण्याची बाटली आठवणीने देता, तसे त्याचे शब्दही द्या. ते बिचारे सांगत असते.