पाव फेरा

"पाव फेरा. त्याहून जास्त नाही. मग थांब, तार सुरात आण, वाजवून बघ आणि काय फिरवलंस ते लिहून ठेव. खरखर थांबली की आपणही थांबायचं."

हे गिटारी दुरुस्त करत. खिडकीखालचं लांब टेबल ह्यांचं, त्याच्या टोकाची खुर्ची माझी. आधी ह्यांची डाव्या हाताची बोटं ऐकेनाशी झाली, मग उजवा हातही कापायला लागला. तेव्हापासून गिऱ्हाइकांच्या गिटारींचे स्क्रू मी फिरवायचे आणि हे शेजारी बसून असं सांगायचे. इलेक्ट्रिक गिटारीच्या पोटावर तारा जिथे टेकतात त्या ब्रिजवर प्रत्येक तारेखाली धातूची एक बारकी बैठक असते, सॅडल म्हणतात तिला. ती फार खाली गेली तर तार मानेवरच्या पट्ट्यांना घासते आणि खरखरते. वर उचलली तर आवाज स्वच्छ होतो, पण तार दाबायला बोटात जोर लागतो. एवढं मला आलं होतं.

ह्यांच्या स्वतःच्या गिटारीला मात्र हात लावायची सोय नव्हती. "ती माझ्या सवयीची आहे," म्हणायचे. मी म्हणायची, सवतीलासुद्धा कुणी इतकं जपत नाही. त्यावर नुसते हसायचे.

डॉक्टरांनी हात टेकले त्या दिवसापासून मी नेम धरला. सकाळी उठल्यावर हजार वेळा देवाचं नाव घ्यायचं, ते होईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. मागणं एकच, ह्यांची बोटं चालू दे. "देवाशी बोलून झालं असेल तर आमच्याकडेही बघा," असं हे स्वयंपाकघराच्या दारातून चिडवायचे. आणि रोज दुपारी लेकीसाठी ती तान्ही असताना बांधलेली धून वाजवून दाखवायचे. "बघ, दाबतायत बोटं. तुझ्या नेमाला यश येतंय."

धून खरखरायला लागली होती. हे म्हणाले, तारा जुन्या झाल्या. मी नव्या आणल्या, तरी खरखर गेली नाही. मला तिचं काय, बोटं चालत होती.

शेवटच्या आठवड्यात ह्यांनी मागून घेतलं, "माझी गिटार लेकीला दे. पण खरखरती देऊ नकोस." मी हो म्हटलं. त्याला अकरा महिने झाले. गिटारीची पेटी कपाटावरून खाली काढायचं धाडस होत नव्हतं.

बुधवारी लेकीचा फोन आला. बाबा गेल्यापासून ती लोकांसमोर वाजवायला बसली नव्हती. शनिवारी संध्याकाळी बसणार होती, मैत्रिणीची गिटार मागून आणून. "जमलं तर ये गं आई. बाकी काही नाही." ते 'बाकी काही नाही' मला दोन दिवस टोचत राहिलं.

शनिवारी जप आटोपला आणि मी पेटी उघडली. जाड तार वाजवली, ती खरखरली. सहाच्या सहा तशाच. सॅडलचे स्क्रू फिरवायची एलन की हातात घेतली आणि सवयीने आधी नोंदीचा कागद शोधला. आमच्याकडे प्रत्येक गिटारीचा असतो. ह्यांच्या गिटारीचा झाकणाच्या कप्प्यात, गळ्यात अडकवायच्या पट्ट्याखाली घडी करून ठेवलेला सापडला.

त्यावर नऊ तारखा होत्या. प्रत्येकीपुढे तेच, 'सगळ्या तारा, पाव खाली'. पहिल्या ओळीतलं अक्षर ह्यांचं नेहमीचं होतं. नवव्या ओळीतलं मला दोनदा वाचावं लागलं.

पाचवी तारीख मला पाठ होती. त्या दिवशी ह्यांनी धून न अडखळता पुरी केली होती, आणि देवाने ऐकलं म्हणून मी शेजारणीला हाक मारून सांगितलं होतं. हे तेव्हा खिडकीबाहेर बघत बसले होते.

बोटं सुधारली नव्हती. बोटातला जोर जाईल तशा हे तारा खाली आणत होते. माझा नेम मोडू नये म्हणून.

"अहो, मला सांगायचं तरी," एवढंच तोंडातून निघालं. स्क्रू वर फिरवला की ह्यांची बोटं जिथवर पोचत होती ती जागा पुसली जाणार होती. आणि नाही फिरवला तर लेक चारचौघांत खरखरती गिटार घेऊन बसणार होती.

तारा सैल केल्या. एकेका सॅडलचे दोन्ही स्क्रू सारखे, पाव फेरा वर. सुरात आणल्या, वाजवल्या. पुन्हा सैल. पाचव्या फेरीला पातळ तारा खरखरीतून मोकळ्या झाल्या, तरी ओळीत कुणी मागे राहू नये म्हणून त्याही बाकीच्यांबरोबर नेल्या. सातव्या फेरीला जाड तार वाजवली आणि खोलीत नुसता सूर राहिला. प्रत्येक पट्टीवर दाबून पाहिलं. खरखर नव्हती.

आणखी दोन पाव फेरे शिल्लक होते. हात पुढे झालाही. पण खरखर थांबली की आपणही थांबायचं. ह्यांनी खाली आणलेले पहिले दोन पाव फेरे मी तसेच राहू दिले.

कागदावर ह्यांच्या नवव्या ओळीखाली लिहिलं, 'सगळ्या तारा, सात पाव वर', आणि तारीख. कागद काढून घ्यावा असं एकदा मनात आलं. मग होता तिथेच, पट्ट्याखाली ठेवला. लेकीला वाचता येतं.

साडी बदलली, खिडकी लावली. पेटी वाटली होती त्यापेक्षा जड निघाली, जिन्यात दोनदा हात बदलावा लागला. शेजारणीने कुठे निघालात विचारलं, तर म्हटलं, लेकीकडे, एक वस्तू द्यायची राहिलीय. आणि बसथांब्याकडे चालू लागले.